संवाद स्पष्ट ऐकू येण्यासाठी: होम थिएटर रिसीव्हरवर सेंटर स्पीकरची सेटिंग

होम थिएटर नवं घेतलं की पहिली तक्रार ठरलेली असते. गाणी दणदणीत वाजतात, मारामारी त्याहून दणदणीत, पण माणसं काय बोलतात तेच कळत नाही. मग रिमोट हातातून सुटत नाही. बोलणं आलं की आवाज वर, गाडी उडाली की खाली. यावर जो तो एकच उपाय सांगतो: सेंटरची, म्हणजे मधल्या स्पीकरची, लेव्हल वाढवा. हा उपाय सगळ्यात शेवटी करायचा असतो. तो आधी केला तर मूळ दोष तसाच राहतो आणि त्या दोषाचाच आवाज मोठा होतो.

५.१ ध्वनीमध्ये (पाच स्पीकर आणि जाड स्वरांसाठी एक सबवूफर) सिनेमाचे बहुतेक सगळे संवाद एकट्या सेंटर स्पीकरकडे येतात. थिएटरात हा स्पीकर पडद्याच्या मागे असतो. पडद्याला बारीक भोकं असतात आणि त्यांतून आवाज बाहेर येतो. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ साली पणजीला आला तेव्हापासून गोव्यातल्या प्रेक्षकांच्या कानांना अशा चांगल्या पडद्यांची सवय आहे. तिथे आवाज बोलणाऱ्याच्या तोंडातून येतो, स्पीकर कुठे आहे हा प्रश्नच मनात येत नाही. घरच्या टीव्हीला भोकं नसतात, म्हणून स्पीकर खाली ठेवावा लागतो आणि उरलेलं काम सेटिंगने करायचं असतं.

क्रम असा ठेवा: जागा, वायर, सिग्नल, मायक्रोफोनची मोजणी, साइज आणि क्रॉसओव्हर (कोणते स्वर सेंटरने आणि कोणते सबवूफरने वाजवायचे), अंतर, लेव्हल. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे. मोजणी झाल्यावर स्पीकर वीतभर सरकवला तरी ती मोजणी शिळी झाली, पुन्हा करावी लागते.

हाताशी मोजायची टेप, वायर सोलायचा कटर, दीड व्होल्टचा एक पेन्सिल सेल, कॅमेऱ्याचा ट्रायपॉड, रिसीव्हरबरोबर (सगळे स्पीकर ज्याला जोडतात ते यंत्र) आलेला मायक्रोफोन, दाराखाली लावतात ते रबरी स्टॉपर दोन, आणि अंघोळीचा एक जाड टॉवेल ठेवा. फोनवर आवाजाची पातळी मोजणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या.

जागा

बहुतेक घरांत टीव्ही युनिटचा मधला खण सेंटरसाठी असतो आणि स्पीकर त्या खणात आत ढकललेला असतो. दिसायला नेटकं, ऐकायला वाईट. स्पीकरच्या पुढे फळी उरली की आवाज तिच्यावर आपटून वर येतो. थेट आवाज आणि हा आपटलेला आवाज कानाशी किंचित मागेपुढे पोचतात आणि एकमेकांना खोडतात. शिवाय बाजूची पोकळी खालच्या स्वरांना फुगवते, त्यामुळे माणूस डब्यात तोंड घालून बोलतोय असं वाटतं. म्हणून स्पीकरची पुढची कड फळीच्या कडेच्या बरोबरीने आणा, जमलं तर एक-दोन सेंटिमीटर पुढेच. मागे पोर्ट म्हणजे गोल भोक असेल तर त्याच्या मागे किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. खण मोठा असेल तर दोन्ही बाजूंच्या फटींत टॉवेलच्या घड्या घाला. डब्यासारखा आवाज बराच कमी होतो. पावसाळ्यात मात्र त्या घड्या आठवड्या-दोन आठवड्यांनी बाहेर काढून वाळवा, नाहीतर बुरशी धरते आणि वास फर्निचरला लागतो.

आता स्पीकरचा रोख. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण १०० सेंटिमीटरवर असतो. युनिटमधला सेंटर ४५ सेंटिमीटरवर असला आणि तुम्ही तीन मीटर दूर बसत असलात, तर सरळ ठेवलेला स्पीकर तुमच्या गुडघ्यांशी बोलतो. तो सुमारे दहा अंश वर वळवायला हवा. २५ सेंटिमीटर खोलीच्या स्पीकरला त्यासाठी पुढची कड चार-साडेचार सेंटिमीटर उचलावी लागते. तिथे रबरी स्टॉपर कामाला येतात. जमलं की नाही हे बघायची सोपी खूण अशी: आपल्या नेहमीच्या जागी बसा आणि स्पीकरच्या वरच्या पृष्ठभागाकडे बघा. तो रुंद पट्ट्यासारखा दिसत असेल तर अजून उचला. जेमतेम एका रेषेएवढा दिसू लागला की थांबा. स्पीकर टीव्हीच्या वर भिंतीवर असेल तर हाच हिशेब उलटा, तोंड खाली.

समोर काचेची टीपॉय असेल तर तिच्यावर टॉवेल पसरून दोन मिनिटं बातम्या ऐका, मग टॉवेल काढून ऐका. फरक जाणवला तर सिनेमाच्या वेळी टीपॉय बाजूला करा. आणि शोकेसमधली समई, काचेच्या बरण्या, फोटोफ्रेम यांच्यावर बोट ठेवून बघा. भरदार पुरुषी आवाजाला यातलं काहीतरी हमखास झणझणतं आणि दोष स्पीकरवर येतो.

बहुतेक सेंटर आडवे असतात: मध्ये ट्वीटर (बारीक स्वर वाजवणारा), दोन्ही बाजूंना एकेक वूफर (जाड स्वर वाजवणारा). या रचनेची एक मर्यादा आधीच माहीत असलेली बरी. सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्यापर्यंत दोन वूफरांचे आवाज वेगवेगळं अंतर कापून येतात आणि मधले काही स्वर खोडले जातात. म्हणून टोकाच्या माणसाला संवाद दबलेले वाटतात, मधल्याला नाही. सेटिंगने हे जात नाही. सोफा थोडा मागे घेतला, म्हणजे टोकाचा कोन कमी झाला, की सुधारतं.

अजून खरेदी व्हायची असेल तर एकच सांगणं: सेंटर आणि पुढचे डावे-उजवे स्पीकर एकाच मालिकेतले घ्या. तीन वेगळ्या जातीचे असले तर चालत जाणाऱ्या माणसाचा आवाज वाटेत बदलतो.

वायर

रिसीव्हरचा प्लग भिंतीतून काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही.

दीड चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर पाच-सहा मीटरपर्यंत छान चालते. त्याहून लांब असेल तर अडीच चौरस मिलिमीटर घ्या. स्वस्त वायरींत अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. टोक कापून आतली तार बघितली की कळतं: कापलेल्या जागी पांढरट चमक दिसली तर ती तांब्याची नाही.

टोक एक सेंटिमीटर सोला, तारा एकाच दिशेने घट्ट पिळा, टर्मिनलची टोपी सैल करून भोकात घाला आणि पुन्हा आवळा. मग फोनचा टॉर्च लावून मागून नीट बघा. केसासारखी एखादी तार बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकली असेल तर रिसीव्हर चालू होताच बंद पडेल आणि लाल दिवा लुकलुकेल. तो बिघाड नसतो, रिसीव्हर स्वतःला वाचवत असतो. प्लग काढा, तार आवरा, पुन्हा लावा. पण असं वारंवार झालं तर मात्र आतला अ‍ॅम्प्लिफायर जाऊ शकतो.

लाल टर्मिनल लालला, काळं काळ्याला, दोन्ही टोकांना. वायरच्या एका दोरीवर रेघ, अक्षरं किंवा वेगळा रंग असतो, ती खूण धरून चला. सेंटर उलटा जोडला गेला तरी वाजतो, म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. त्याच्या वूफरचा पडदा बाकीच्यांचे पडदे बाहेर येताना आत जातो, आणि क्रॉसओव्हरच्या आसपास सबवूफरशी भांडून आवाज पोकळ होतो. शंका असेल तर रिसीव्हरच्या बाजूची दोन्ही टोकं काढा, स्पीकरची जाळी काढा, आणि लाल टर्मिनलकडून आलेली तार पेन्सिल सेलच्या अधिक टोकाला, दुसरी उणे टोकाला क्षणभर टेकवा. ‘टक्’ असा आवाज होऊन वूफर बाहेर आला तर जोडणी बरोबर. आत गेला तर वायर मधेच कुठेतरी उलटली आहे. सेल फक्त टेकवून लगेच काढा, धरून ठेवू नका.

सेंटर मुका असेल तर

पुष्कळ वेळा सेंटर बिघडलेला नसतो, त्याच्यापर्यंत काही पोचतच नसतं. रिसीव्हरचा डिस्प्ले बघा, किंवा रिमोटवरचं इन्फो बटण दाबा. ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘डीटीएस’ आणि ५.१ असं दिसलं तर सेंटरचा स्वतंत्र आवाज येतो आहे. नुसतं ‘पीसीएम’ आणि २.० दिसत असेल तर येणारा आवाज दोनच चॅनलचा आहे.

कारण बहुधा टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतं. टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे न्यायला एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टमध्येच केबल लावा, मग टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’वरून ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पासथ्रू’वर न्या. सेट-टॉप बॉक्सच्या ऑडिओ मेनूतही ‘स्टिरिओ’ आणि ‘डॉल्बी’ असा पर्याय असतो. तोही बघा. बॉक्स आणि स्ट्रीमिंगची स्टिक सरळ रिसीव्हरच्या एचडीएमआय पोर्टांत लावून टीव्हीला फक्त चित्र पाठवलं तर ही बरीचशी कटकट मुळातच टळते. स्ट्रीमिंग अ‍ॅप्सवरच्या सिनेमांत एकाच सिनेमाच्या एका भाषेचा आवाज ५.१ आणि दुसऱ्या भाषेचा फक्त स्टिरिओ असंही असतं. भाषा निवडताना शेजारी काय लिहिलं आहे ते वाचा.

बातम्या, मालिका, जुनी नाटकं यांचा आवाज बहुतेक वेळा दोन चॅनलचाच असतो. तेव्हा रिसीव्हरचा साउंड मोड महत्त्वाचा. ‘स्टिरिओ’, ‘डायरेक्ट’ किंवा ‘प्युअर डायरेक्ट’ असेल तर सेंटर गप्प बसणारच. ‘डॉल्बी सराउंड’, जुन्या मॉडेलांवर ‘प्रो लॉजिक टू’, किंवा ‘न्यूरल एक्स’ निवडलं की डाव्या-उजव्यात जे समान आहे, म्हणजे मुख्यतः बोलणं, ते सेंटरकडे जातं. तिथेच ‘सेंटर स्प्रेड’ नावाचा पर्याय असेल तर सिनेमासाठी तो बंद ठेवा. तो संगीतासाठी आहे, आणि चालू असला की मधला आवाज पुन्हा बाजूंना पसरतो. ‘मल्टी चॅनल स्टिरिओ’ चवथीला सगळ्या घरात आरती ऐकू जावी म्हणून उत्तम, पण सिनेमाला नको. त्यात सगळे स्पीकर तेच बोलतात आणि संवाद हवेत विरघळतो.

आणि एकदा स्पीकर कॉन्फिगरेशनच्या पानावर ‘सेंटर’समोर ‘नन’ लिहिलेलं नाही ना, याची खात्री करा.

मायक्रोफोनची मोजणी

डेनॉन-मरांट्झवर ऑडिसी, यामाहावर वायपाओ, पायोनियरवर एमकॅक, ऑनक्योवर अ‍ॅक्यूईक्यू, काहींवर डायरॅक. नावं वेगळी, काम तेच: प्रत्येक स्पीकरमधून ठरावीक आवाज सोडायचा, तो तुमच्या बसायच्या जागी ऐकायचा, आणि त्यावरून अंतर, लेव्हल, क्रॉसओव्हर ठरवायचं.

गोव्यात ही मोजणी बिघडते ती बहुधा पंख्यामुळे. उकडतं म्हणून पंखा एकवर ठेवला जातो, आणि त्याची घरघर मायक्रोफोनला नीट ऐकू येते. पंखा, एसी, वॉशिंग मशीन बंद करा, फ्रिज त्याच खोलीत असेल तर दहा मिनिटं त्याचाही प्लग काढा (परत लावायला विसरू नका). खिडक्या बंद. कौलारू घरात सीलिंग नसेल तर पावसात मोजणी करूच नका. कौलांवरचा पाऊस थांबायची वाट बघा. दुपारी एक ते चार गाव शांत असतं, पण तेव्हा शेजारी झोपलेले असतात आणि मोजणीचे आवाज मोठे व चमत्कारिक असतात. सकाळी लवकरची वेळ, बाजाराची आणि शाळेची गडबड सुरू होण्याआधीची, सोयीची पडते.

मायक्रोफोन हातात धरू नका आणि सोफ्याच्या पाठीवर टेकवूनही ठेवू नका. ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीवर, तोंड छताकडे. पाठ उंच असलेल्या सोफ्यावर मायक्रोफोन तिच्यापासून किमान एक वीत पुढे असू द्या, नाहीतर पाठीवरून उलटलेला आवाजही मोजला जातो. पहिली जागा मुख्य बसायची, बरोबर मधली. अंतर आणि लेव्हल तिच्यावरून ठरतात, म्हणून ती काळजीने घ्या. पुढच्या जागा तिच्या भोवती अर्ध्या मीटरच्या आत-बाहेर घ्या. मॉडेलप्रमाणे तीनपासून आठपर्यंत जागा मागितल्या जातात. तुम्ही स्वतः मायक्रोफोन आणि स्पीकर यांच्यामध्ये उभे राहू नका. खोलीबाहेर गेलात तर सगळ्यात बरं.

मोजणीत सेंटर उलटा जोडला आहे असा इशारा आला तर वर सांगितलेली सेलची परीक्षा करा. जोडणी बरोबर निघाली तर इशारा वगळून पुढे जा. भिंतीवर आपटून आलेल्या आवाजामुळेही यंत्र असं म्हणतं.

स्मॉल की लार्ज, आणि क्रॉसओव्हर

मोजणी संपली की निकाल तसाच स्वीकारू नका. मॅन्युअल सेटअप उघडा. चांगला दणकट सेंटर दिसला की रिसीव्हर त्याला ‘लार्ज’ किंवा ‘फुल बँड’ ठरवून मोकळा होतो. ते ‘स्मॉल’ करा.

हे शब्द फसवे आहेत. ते स्पीकरच्या आकाराबद्दल नाहीतच. ‘लार्ज’ म्हणजे सगळे स्वर याच स्पीकरने वाजवायचे. ‘स्मॉल’ म्हणजे ठरावीक रेषेखालचे जाड स्वर सबवूफरकडे पाठवायचे. ती रेषा म्हणजे क्रॉसओव्हर. सिनेमात सेंटरकडे फक्त बोलणं येत नाही. दार आपटणं, इंजिन, स्फोट यांचाही वाटा येतो. ते सगळं १३ सेंटिमीटरच्या वूफरने पेलायचं म्हटलं की पडदा मागेपुढे धडपडतो, आणि त्याच क्षणी चाललेलं बोलणं गढूळ होतं. जाड स्वर काढून घेतले की स्पीकर मोकळा होतो. या एका बदलाने संवाद सुधारल्याचं सहज ऐकू येतं. लेव्हल वाढवून हे कधीच मिळत नाही.

रेषा किती ठेवायची? सुरुवात ८० हर्ट्झपासून करा. सिनेमाच्या ध्वनीचा दर्जा ठरवणाऱ्या टीएचएक्सनेही हाच आकडा प्रमाण धरला आहे. मग स्पीकरचं माहितीपत्रक बघा. ‘७० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ लिहिलं असेल तर त्या खालच्या आकड्यात वीस-तीस मिळवा, म्हणजे ९० किंवा १००. चार इंची वूफरांच्या छोट्या सेंटरला १०० ते १२० लागतात. पॅकेजमधल्या तळहाताएवढ्या सेंटरला १५० सुद्धा लागतात, पण तिथे अडचण येते. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, बाईचा १६५ ते २५५ मध्ये. रेषा १५० वर नेली की पुरुषाच्या आवाजाचा तळ सबवूफरमधून येतो. सबवूफर मागच्या कोपऱ्यात असेल तर नायक तिथून घुमतो. अशा सेटमध्ये सबवूफर पुढे, टीव्हीजवळ आणा.

मोजणीने ठरवलेला आकडा वर न्यायला हरकत नाही, खाली मात्र आणू नका. ऑडिसीसारख्या पद्धती स्पीकर जिथपर्यंत दम धरतो तिथपर्यंतच दुरुस्ती करतात. त्याखालचा भाग दुरुस्तीविना राहतो.

‘एलएफई लो पास’ १२० हर्ट्झवर ठेवा. तो सबवूफरच्या स्वतंत्र चॅनलसाठी आहे, सेंटरच्या क्रॉसओव्हरशी त्याचा संबंध नाही. सबवूफरच्या मागे क्रॉसओव्हरची चकती असेल तर ती पूर्ण वर फिरवा किंवा ‘एलएफई’वर टाका, म्हणजे एकच काम दोघे करणार नाहीत. सबवूफरच नसेल तर पुढचे डावे-उजवे ‘लार्ज’ आणि सेंटर ‘स्मॉल’. मग सेंटरचे जाड स्वर त्या दोघांकडे जातात.

अंतर

टेप घ्या. सेंटरच्या ट्वीटरपासून बसलेल्या कानापर्यंत मोजा, तसंच डावा आणि उजवा. मोजणीने दिलेला सेंटरचा आकडा टेपपेक्षा पाच-दहा सेंटिमीटर इकडेतिकडे असेल तर सोडून द्या. अर्धा मीटर फरक असेल तर काहीतरी चुकलं आहे, पुन्हा मोजणी करा. सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा मीटरभर जास्त दाखवलं तरी त्याला हात लावू नका. त्याच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो.

आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. सेंटर तुमच्यापासून २.९ मीटरवर आणि बाजूचे ३.२ मीटरवर असले तर सेंटरचा आवाज जवळजवळ एक मिलिसेकंद आधी पोचतो. आकडे बरोबर भरले की रिसीव्हर सेंटरला तेवढं थांबवतो. इथे नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे एकक. पानावर मीटर असताना फुटांचा आकडा भरला की ९.५ मीटर होतात. आधी एकक बघा.

ओठ आणि आवाज यांचा मेळ बसत नसेल तर ती भानगड अंतराची नव्हे. त्यासाठी ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ हे वेगळं पान असतं. टीव्हीच्या चित्रप्रक्रियेमुळे चित्र मागे पडतं, तिथे आवाज ४०, ६०, ८० मिलिसेकंद असा थोडा थोडा उशिरा करत जा.

लेव्हल

आता लेव्हल. टेस्ट टोन लावा. पुढच्या तीन स्पीकरांतून पाळीपाळीने ‘श्श्श’ असा आवाज येईल. फोन कानाच्या उंचीवर, हात लांब करून, मायक्रोफोन छताकडे धरून ठेवा. अ‍ॅपमध्ये ‘सी’ वेटिंग आणि ‘स्लो’ असेल तर ते निवडा. तिन्ही स्पीकर ७५ डेसिबलवर आणायचे. फोनचा आकडा अचूक नसतो, पण इथे तिघांमधला फरकच महत्त्वाचा आहे आणि तो फोन बऱ्यापैकी दाखवतो. अर्ध्या डेसिबलच्या आत आणा.

मोजणीनंतर सेंटर उणे तीन ते अधिक तीन या दरम्यान बसला असेल तर सगळं ठीक. डेनॉनची पट्टी उणे बारा ते अधिक बारा असते, यामाहाची उणे दहा ते अधिक दहा. सेंटर पट्टीच्या टोकाला जाऊन टेकला असेल तर वायर, जागा किंवा मायक्रोफोन यांत घोळ आहे. आकडा हाताने मधे ओढून तो घोळ जाणार नाही.

यानंतर स्वतःच्या कानासाठी एक-दीड डेसिबल वाढवायला काहीच हरकत नाही. पुष्कळ घरांत ते बरं वाटतं. तीन डेसिबल म्हणजे त्या स्पीकरला दुप्पट वीज. एवढी गरज पडत असेल तर परत पहिल्या पायरीवर जा, स्पीकर खणात आत आहे का ते बघा. फार वाढवलेला सेंटर आणखी एक त्रास देतो: डावीकडून उजवीकडे जाणारी गाडी मधे आली की अचानक मोठी होते, मग पुन्हा लहान.

एक फसगत लक्षात ठेवा. काही रिसीव्हरांत ऑप्शन बटणाखालीही चॅनल लेव्हल असते आणि ती प्रत्येक इनपुटसाठी वेगळी साठवली जाते. सेट-टॉप बॉक्सवर बोलणं स्पष्ट पण स्टिकवर दबलेलं, असं असेल तर तिथे कुणीतरी हात लावलेला असतो. सगळीकडे शून्य करा.

खोलीचा वाटा

म्हापशा-मडगावातल्या नव्या फ्लॅटचा हॉल म्हणजे खाली व्हिट्रिफाइड टाइल, एका बाजूला काचेचं सरकतं दार, बाकी गुळगुळीत गिलावा. जुन्या घराच्या वसरीत चिऱ्याच्या जाड भिंती आणि चकचकीत जमीन. दोन्हीकडे आवाज उसळतो. शब्द कळतात ते स, श, त, क, च यांच्या धारेमुळे, आणि ती धार २,००० हर्ट्झच्या वर असते. उसळणाऱ्या आवाजात आधीचं अक्षर पुढच्या अक्षरावर पसरतं आणि ही धार बुजते. बसायच्या जागी उभं राहून एक टाळी वाजवा. मागोमाग ‘झिंग’ ऐकू आली तर कितीही महाग रिसीव्हर हा दोष पुरता काढू शकत नाही.

खर्च फार नाही. काचेच्या दारावर जाड सुती पडदा, चुण्या भरपूर. सोफा आणि टीव्ही यांच्यामधल्या जमिनीवर दुहेरी सतरंजी, साधारण दीड मीटर बाय दोन मीटर. भिंतीला लागून पुस्तकांचं कपाट. गालिचाही चालतो, पण आपल्या दमट हवेत जाड गालिचा जून ते सप्टेंबर कुबट होतो. सतरंजी धुता येते, वाळवता येते. हे झाल्यावर मायक्रोफोनची मोजणी पुन्हा करा.

रात्री हळू आवाजात बघताना संवाद हरवतात त्याचं कारण वेगळं. सिनेमात कुजबुज आणि स्फोट यांच्यातलं अंतरच मोठं असतं. तिथे ‘नाइट मोड’, ‘डायनॅमिक व्हॉल्यूम’ किंवा ‘डीआरसी’ वापरा. ते मोठा आवाज दाबतं आणि लहान उचलतं. दिवसा बंद ठेवा, नाहीतर सगळं सपाट वाटतं. ‘डायलॉग एन्हान्सर’ असेल तर ‘लो’पासून सुरू करा. तो वरचे स्वर उचलतो, ‘हाय’वर स टोचायला लागतो. घरातल्या आजी-आजोबांना ‘मीडियम’ आवडत असेल तर त्यांच्यासाठी तोच ठेवा, मोजणीपेक्षा त्यांना कळणं मोठं.

खारी हवा आणि वीज

कोलवा, कळंगुट, मिरामार, दोनापावला, कुठेही समुद्राजवळ राहत असाल तर उघडं तांबं वर्षा-दोन वर्षांत काळपट, मग हिरवं होतं. सेंटरमध्ये खरखर येते, कधी आवाज येतो-जातो, टर्मिनल हलवलं की परत येतो. दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही टोकं बाहेर काढा, दोन सेंटिमीटर कापून टाका, नवं लालबुंद तांबं सोला आणि पुन्हा लावा. म्हणून पहिल्यांदा वायर लावतानाच टोकाशी वीतभर जादा ठेवावी. सोन्याचा मुलामा दिलेले बनाना प्लग लावले तर हे काम दोन-तीन वर्षांतून एकदा करावं लागतं.

मे अखेरीच्या आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटात रिसीव्हरचा प्लग काढा, त्याबरोबर डिशची किंवा केबलची तार आणि लॅनची वायरही काढा. वीज बहुतेकदा याच वाटांनी आत शिरते. रिसीव्हरच्या वर किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा आणि मागची फट कापडाने झाकू नका. गरम यंत्राच्या उबेला पाली येतात, आणि आत गेलेली पाल सर्किट बोर्डावर शॉर्ट करते.

सगळं मनासारखं लागलं की साइज, क्रॉसओव्हर, अंतर आणि लेव्हल या चारही पानांचे फोनवर फोटो काढून ठेवा. दुरुस्तीला दिलेला रिसीव्हर रीसेट होऊन परत आला, किंवा मुलांनी रिमोटवर काही दाबलं, तर हे आकडे बघून दहा मिनिटांत पुन्हा भरता येतात. ऑडिसी वगैरेंनी केलेली स्वरांची दुरुस्ती मात्र फोटोत येत नाही. त्यासाठी ट्रायपॉड काढून, पंखा बंद करून पुन्हा मोजावंच लागतं.